उपचार संपल्यावर घरात उरणारी भीती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगाविषयी सर्वच मराठी वृत्तपत्रांत भरभरून छापून येते. गाठ कशी ओळखावी, मॅमोग्राफी कधी करावी, संकोच सोडून डॉक्टरांकडे कसे जावे. ते छापायलाच हवे. पण ज्या घरात ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) असे सगळे पार पडून दोन-चार वर्षे झाली आहेत, त्या घराला त्यातून फारसे काही मिळत नाही. तिथला प्रश्न वेगळा असतो. आई रात्री अडीचला उठून बसते. कंबर धरली की 'हाडात उतरला असेल' म्हणते. तपासणीची तारीख जवळ आली की तिचे जेवण तुटते, आणि तिच्याशी काय बोलावे हे मुलांना समजत नाही. उपचार संपलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यासोबत येणारी मुले रोज पाहणाऱ्या आम्हा परिचारिका व समुपदेशकांचे हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

अशा वेळी मुले बहुधा दोनपैकी एक उत्तर देतात. एक, 'काही होत नाही गं आई, तू फार विचार करतेस.' दुसरे, 'चल, उद्याच पेट स्कॅन (कर्करोग पसरलाय का हे पाहणारा पूर्ण शरीराचा स्कॅन) काढून टाकू.' दोन्ही प्रेमापोटीच असतात आणि दोन्हींनी भीती वाढते. पहिल्या उत्तराने आई गप्प बसते, आणि पुढच्या वेळी खरी तक्रार असली तरी ती गणपती होईपर्यंत, नातवाची परीक्षा संपेपर्यंत लपवून ठेवते. दुसऱ्या उत्तराने तिला हेच कळते की प्रत्येक दुखणे मशीनखाली नेण्याएवढे धोक्याचे आहे. या दोहोंच्या मधला रस्ता आहे. कोणती तक्रार, किती दिवस, कोणाला सांगायची हे घरात आधीच, शांत वेळी, ठरवून ठेवायचे. भीतीच्या क्षणी नव्याने विचार करायची पाळीच येऊ द्यायची नाही.

पण आधी एक मान्य करावे लागते. तिची भीती खुळी नाही. 'पाच वर्षे झाली, आता सुटलीस' हे वाक्य सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकारात आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो आणि पाच वर्षांनंतर बराच उतरतो. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या) प्रकारात दर वर्षाचा धोका थोडा असतो, पण तो वीस वर्षांपर्यंतही रेंगाळतो. म्हणून तर या स्त्रियांना हार्मोनचा परिणाम रोखणारी रोजची गोळी (टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल अशी) पाच ते दहा वर्षे चालू ठेवावी लागते. आपल्या आईचा प्रकार कोणता, हे पहिल्या बायोप्सीच्या आयएचसी (गाठीच्या पेशींचा प्रकार ठरवणाऱ्या) रिपोर्टवर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन ओळींत लिहिलेले असते. तो कागद बहुतेक घरांत केमोच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडतो. तो शोधा, त्याच्या तीन प्रती काढा आणि एक प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावा. स्तनाचा कर्करोग थोड्या प्रमाणात पुरुषांनाही होतो. घरात बाबांना झाला असेल तर पुढचे बहुतेक सगळे त्यांनाही लागू आहे, आणि ते आईपेक्षाही कमी बोलतात, एवढे ध्यानात असू द्या.

आता ठरवायचे काय ते. तीन शब्द पुरतात : नवीन, न थांबणारे, वाढत जाणारे. जी तक्रार आधी कधी नव्हती, जिला ओझे उचलणे, पडणे, सर्दी असे साधे कारण दिसत नाही आणि जी दोन आठवडे झाले तरी हटत नाही किंवा वाढतच जाते, ती डॉक्टरांना सांगायची. पुढची तारीख तीन महिन्यांनी असली तरी थांबायचे नाही. आडवे झाल्यावरही न थांबणारे, एकाच जागी राहणारे आणि रात्री जास्त जाणवणारे हाडाचे दुखणे. कारण नसलेला कोरडा खोकला किंवा जिना चढताना नव्याने लागणारी धाप. भूक मरणे, वजन आपोआप उतरणे, उजव्या बरगडीखाली जडपणा, या तक्रारी इथे बसतात.

काही गोष्टींना दोन आठवडेही देऊ नयेत. व्रणाच्या रेषेवर किंवा छातीच्या कातडीवर उठलेले लालसर, टणक दाणे, काखेत किंवा कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात लागलेली नवी गाठ, दुसऱ्या स्तनातला कोणताही बदल : दोन-चार दिवसांत दाखवा. डोळे पिवळे दिसणे, सकाळी उठल्या-उठल्या उलटीसह होणारी डोकेदुखी, दुहेरी दिसणे हेही तसेच. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जात असेल, कमरेखाली बधिरपणा येत असेल, लघवी किंवा शौच कळेनासे झाले असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर पाय वाचण्याचा हिशोब तासांत असतो. आकडी (फिट) आली तरही तेच. टॅमॉक्सिफेन चालू असताना एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हाही थांबू नका.

हे सगळे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले की निम्मे भांडण संपते. 'हे दोन आठवड्यांतले आहे की आजचे?' एवढाच प्रश्न उरतो.

ज्या दुखण्यांनी आया सगळ्यात जास्त घाबरतात, त्यांतली पुष्कळशी उपचारांचीच देणगी असते, आणि हे कोणी त्यांना धड सांगितलेले नसते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्सेमेस्टेन या गोळ्यांनी सांधे दुखतात. घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांना कमी-अधिक हा त्रास होतो. सकाळी उठल्यावर बोटे आखडतात, दोन्ही गुडघे धरतात, पोळ्या लाटायला लागल्यावर किंवा चार पावले चालल्यावर सैल होतात. दोन्ही बाजूंना सारखे, हालचालीने कमी होणारे, जागा बदलणारे हे दुखणे बहुधा गोळीचे असते. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची एक बारीक नस दुखावते, त्यामुळे तिथे आग होणे, मुंग्या, कपड्याचा स्पर्श नकोसा होणे हे वर्षानुवर्षे राहू शकते. काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या दोरीसारखे काही लागले तर ती बहुधा ऑपरेशननंतर धरलेली शीर असते आणि व्यायामाने सुटते. स्तन राखून ऑपरेशन केले असेल तर शेकानंतर आतली चरबी मरून टणक गाठ होऊ शकते. हाताला ती अगदी कर्करोगासारखी लागते, म्हणून तिचा निवाडा घरी करायचा नाही, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणीच करायची. हात सुजला तर तो बहुतेक वेळा लिंफिडिमा (काखेतल्या उपचारांनंतर द्रव साचून येणारी सूज) असतो. नवी सूज डॉक्टरांना दाखवायचीच, पण नजरेने मापू नका. शिंप्याची टेप घेऊन मनगट, कोपराखाली १० सेंटिमीटर आणि कोपरावर १० सेंटिमीटर अशा तीन ठिकाणी दोन्ही हात महिन्यातून एकदा मोजा आणि वहीत लिहा. दोन हातांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, किंवा आधीपासून असलेला फरक वाढला, तर फिजिओथेरपिस्टकडे न्या. सूज आलेला हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग आहे, त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक लागते.

चाचपण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. भ्यालेली आई दिवसातून दहा वेळा काखेत हात घालते. सारखे दाबल्याने तिथले मांस हुळहुळे होते, मग दुखते, आणि दुखले की 'काहीतरी आहे' ही खात्री पटते. हात आवरायला नुसते 'करू नकोस' म्हणून चालत नाही, त्याला एक दिवस नेमून द्यावा लागतो. महिन्याची एकच तारीख. अंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत दाब. आधी व्रणाची पूर्ण रेषा, मग सपाट झालेली छाती कॉलर बोनपासून शेवटच्या बरगडीपर्यंत, मग काख, मग दुसरा स्तन. एकंदर दहा मिनिटे. काय लागले ते वहीत एका ओळीत. मधल्या दिवसांत हात गेलाच तर 'पाच तारखेला बघायचंय' एवढे तिला आठवून द्यायचे. पहिल्या एक-दोन महिन्यांत अस्वस्थता वाढते, नंतर उतरते. मुलीने आईच्या सांगण्यावरून स्वतः चाचपून 'काही लागत नाही' अशी खात्री देऊ नये. ती खात्री तासभर टिकते आणि मग रोज मागितली जाते.

आता पेट स्कॅनबद्दल, कारण इथे घरे कर्ज काढताना आम्ही पाहतो. तक्रार काही नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन, हाडांचा स्कॅन, पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातले मार्कर (कर्करोगात वाढू शकणारे घटक) करून आयुष्य वाढत नाही. इटलीत हे नीट तपासले गेले. अडीच हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेले दोन अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला वरचेवर हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे अशा जादा तपासण्या, दुसऱ्या गटाला फक्त डॉक्टरांची तपासणी आणि वर्षाला मॅमोग्राफी. दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हापासून उपचार खूप बदलले आहेत, पण तक्रार नसताना असे स्कॅन करू नयेत हा जगभरच्या कर्करोग संघटनांचा सल्ला अजून तोच आहे. नियम साधा आहे : पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासणे, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि दर वर्षी मॅमोग्राफी. ज्या बाजूचा पूर्ण स्तन काढला त्या बाजूची मॅमोग्राफी लागत नाही, दुसऱ्या बाजूची लागते. तक्रार असेल तेव्हा मात्र त्या तक्रारीसाठी लागेल तो स्कॅन जरूर करायचा. त्यात काटकसर नको.

'एकदा करून टाकू, निदान मनाला शांतता' हे ऐकायला बरे वाटते. शांतता मिळतेच असे नाही. पेट स्कॅनमध्ये जुन्या क्षयाच्या गाठी चमकतात, नुकत्या घेतलेल्या लशीने काखेत आलेल्या गाठी चमकतात, भरत असलेली जखम चमकते. आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही. मग त्या चमकलेल्या ठिपक्यासाठी बायोप्सी, तिच्या रिपोर्टची आठवडाभर वाट, आणि शेवटी 'काही नाही'. सीए १५-३ हा मार्कर यकृताच्या दुखण्यात वाढतो, बी-१२च्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयातही वाढलेला आढळतो. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात, त्यामुळे एका लॅबचे २२ आणि दुसरीचे ३१ शेजारी मांडून 'वाढला' म्हणता येत नाही. आपल्याच पानांवर 'संपूर्ण शरीर कॅन्सर तपासणी' अशा पॅकेजच्या जाहिराती येतात, त्यांत हेच मार्कर असतात. ज्या घरात आई आधीच घाबरलेली आहे तिथे ते पॅकेज वाढदिवसाची भेट म्हणून येते. ही भेट देऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे.

तपासणीचा आठवडा सगळ्यात जड. त्यातला बराच त्रास व्यवस्थेने हलका होतो. मॅमोग्राफीची वेळ शक्यतो सोमवार-मंगळवार सकाळची घ्या, म्हणजे रिपोर्ट शनिवार-रविवारच्या आत मिळतो आणि समजावून सांगायला डॉक्टर असतात. नाव नोंदवतानाच विचारा : रिपोर्ट कधी, कोणाच्या हातात, आणि तो समजावणार कोण. मागच्या वर्षीच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते आणि तिचा फटका थेट बसतो : जुन्या फिल्म तुलनेला नसल्या की रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' येऊ शकते. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष सांगणारा ० ते ६ पर्यंतचा अंक. शून्याचा अर्थ तपासणी अपुरी, आणखी चित्रे हवीत. घरी मात्र तो अंक पाहून रडारड होते. १ आणि २ म्हणजे काळजीचे काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधेच, कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ४ आणि ५ ला सुईची बायोप्सी लागते, आणि ४ निघालेल्यांपैकी पुष्कळ जणींची बायोप्सी साधी येते. ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला कर्करोग. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, त्याचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. वरचे कपडे वेगळे काढता येतील असे घालावेत, साडी-ब्लाउज किंवा सलवार-कुर्ता चालतो, गाउन नको.

हल्ली रिपोर्ट मोबाइलवर येतो, तोही रात्री नऊला. तो कोण उघडणार हे आदल्या दिवशी आईलाच विचारून ठरवा. काहींना स्वतः आधी पाहायचा असतो, काहींना मुलाने पाहून सांगावा असे वाटते. दोन्ही बरोबर आहे. चूक एकच : मुलांनी चोरून पाहून चेहरा पाडून बसणे. आईला तो चेहरा रिपोर्टच्या आधी वाचता येतो.

डॉक्टरांसमोर जेमतेम सात-आठ मिनिटे मिळतात. त्यासाठी एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या : गेल्या वेळेपासून झालेल्या तक्रारी तारखांसह, चालू असलेल्या सर्व गोळ्या (रक्तदाब, साखर, काढे, चूर्णे धरून), आणि जास्तीत जास्त तीन प्रश्न. त्यांतला एक प्रश्न दरवेळी हाच असावा : 'पुढच्या तारखेपर्यंत काय झाले तर आम्ही आधी यायचे, आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा?' आईच्या वतीने सगळे बोलून टाकणारा मुलगा आम्हाला नेहमी दिसतो. तिला पहिली पाच वाक्ये बोलू द्या.

घरातल्या बोलण्याविषयी. 'सकारात्मक विचार कर' हे वाक्य बंद करा. त्यातून तिला असा अर्थ लागतो की आजार उलटला तर तो तिच्या विचारांमुळे. असा पुरावा कुठेही नाही. 'शुभ बोल' म्हणून तिला गप्पही करू नका. 'मला काही झालं तर' असे ती म्हणाली की घरातले सगळे एकदम उठतात, कोणाला तरी कुकरची शिट्टी आठवते. बसा. 'काय होईल असं वाटतं तुला?' एवढे विचारा आणि थांबा. पुष्कळदा आतून मरणाची गोष्ट निघत नाही. पुन्हा केस जाण्याची, मुलांच्या पैशांची, बाबांना चहासुद्धा करता येत नाही याची निघते. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर काहीतरी करता येते : बँकेत नामनिर्देशन तपासणे, विम्याचे कागद एका जागी ठेवणे, बाबांना चार पदार्थ शिकवणे. मृत्युपत्राचा विषय तिनेच काढला तर झटकू नका. ते एकदा लिहून झाले की झोप लागू लागते, हे आम्ही अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

'परत येणार नाही' असे वचन देऊ नका, ते कोणाच्याच हातात नाही. 'आला तर लवकर दाखवू, आणि तुला कुठल्याही तपासणीला एकटीला जावं लागणार नाही' हे वचन पाळता येते. ती पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारू लागली तर पहिल्यांदा नीट उत्तर द्या, त्यानंतर कागदाकडे न्या : 'आपलं ठरलंय ना, एकोणीस तारखेपर्यंत बघायचं. आज कितवा दिवस?' आवाज मऊ ठेवा. हे टाळणे नव्हे. प्रत्येक वेळी दिलेला दिलासा तासाभरात विरतो आणि पुढच्या वेळी जास्त मोठा लागतो, म्हणून असे करायचे.

भीती उसळण्याच्या वेळा ओळखीच्या असतात. निदान झाले ती तारीख, केमोला शेजारच्या खाटेवर असलेली बाई गेल्याचा निरोप, व्हॉट्सअ‍ॅपवरचा कर्करोग झालेल्या एखाद्या नटीचा फोटो, रोजची गोळी संपण्याचा महिना. हा शेवटचा प्रसंग मुलांना कळतच नाही. पाच वर्षांनी गोळी थांबली की घरी पेढे येतात आणि आईला मात्र कवच काढून घेतल्यासारखे वाटते. कॅलेंडरवर या तारखांना खूण करा आणि त्या दिवशी कोणीतरी घरी असा. जी मुले पुणे-बंगळूरला किंवा परदेशात आहेत त्यांनी 'कशी आहेस?' विचारू नये, उत्तर 'बरी आहे' एवढेच येते. तपासणीच्या आदल्या रात्री, त्या सकाळी आणि रिपोर्टनंतर असे तीन फोन ठरवून करावेत.

रात्रीसाठी दोन उपाय करून पाहण्यासारखे आहेत. संध्याकाळच्या चहाआधी वीस मिनिटे 'काळजीची वेळ' ठेवा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे डॉक्टरांना विचारायचे, उजवीकडे ज्याला कोणाकडेच उत्तर नाही ते, असे तिला लिहू द्या. वीस मिनिटांनी वही मिटायची. रात्री विचार आला की 'उद्या चहाआधी' म्हणायचे. आणि झोप लागत नसेल तर वीस मिनिटांहून अधिक अंथरुणात तळमळत पडू नये, उठून दुसऱ्या खोलीत बसावे, श्वास चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर असा पाच मिनिटे घ्यावा, जांभई आली की परत यावे. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे भरभर चालणे झोपेलाही मदत करते आणि त्या सांधेदुखीलाही. एकटी जात नसेल तर सोबत जा. बरेचसे बोलणे चालतानाच होते, समोरासमोर बसून होत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण उडाले असेल, छातीत धडधडून घाम फुटत असेल, दिवसभर डोक्यात दुसरे काही येत नसेल, तर घरचे उपाय पुरणार नाहीत. आजार उलटण्याच्या या भीतीवर नेमके मानसोपचार आहेत. ऑस्ट्रेलियात दहा आठवड्यांत पाच बैठका अशा पद्धतीची चाचणी होऊन २०१७ साली तिचे निकाल आले आणि भीती कमी झाल्याचे दिसले. त्यात विचारांशी भांडायला न शिकवता त्यांना येऊ-जाऊ द्यायला आणि लक्ष वळवायला शिकवतात. कर्करोग रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे हा विषय काढा. तिथपर्यंत जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. जगणे नको असे ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, तिला एकटे ठेवू नका.

इथे औषधांची एक चूक वारंवार होते, म्हणून ती ठळकपणे सांगतो. फॅमिली डॉक्टर उदास मनासाठी गोळी लिहून देतात. आईला टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टाळायला हवीत. यकृतात टॅमॉक्सिफेनचे जे प्रभावी रूप तयार होते ते या गोळ्यांमुळे कमी बनते. व्हेनलाफॅक्सिनसारखे पर्याय आहेत, म्हणून नवी गोळी सुरू करण्यापूर्वी टॅमॉक्सिफेनचे नाव तोंडाने सांगा, फाइल दाखवली असे समजून गप्प राहू नका. अल्प्राझोलाम झोपेसाठी महिनोन्‌महिने चालू ठेवू नये. सवय लागते, तोल जातो, आणि लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडे आधीच विरळ होत असताना पडणे महागात जाते. काळजीपोटी आणलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, विशेषतः मिरीच्या अर्कासह असलेल्या, टॅमॉक्सिफेनच्या त्याच प्रभावी रूपाचे रक्तातले प्रमाण घटवतात. भाजीतली हळद चालते, कॅप्सूल नको. पाळी गेलेल्या स्त्रीला टॅमॉक्सिफेनवर असताना रक्तस्राव झाला तर एकदा झाला तरी दाखवायचा.

आणि गोळी बंद केलेली आई. सांधे दुखतात, गरम वाफा येतात, म्हणून ती गुपचूप दिवसाआड घेऊ लागते. घरात कोणाला पत्ता नसतो. हार्मोन पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. दहा स्कॅनांनी जे होत नाही ते ही एक स्वस्त गोळी करते. तेव्हा 'घेतलीस का?' असे दरडावू नका, 'गोळीचा त्रास होतोय का?' असे विचारा. एका कंपनीची सोसत नसेल तर औषध बदलता येते, मध्ये काही आठवडे विश्रांती देता येते, पण डॉक्टरांना सांगून.

उलट्या स्वभावाच्या आयाही असतात. त्या चाचपत नाहीत, रडत नाहीत, फक्त तारीख चुकवतात. 'बरी आहे मी, कशाला उगाच?' हीही भीतीच. तिला ओढून नेण्याआधी विचारा की नको काय वाटते : मशीनचा दाब, रिपोर्टची वाट, खर्च, की पुन्हा केमो. खर्च असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेसाठी मदत करणारा कर्मचारी) आणि वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला तपासणीसाठी जातानाही सवलत आहे. स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात रुग्णाला तिकीट मोफत आणि एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. आईची निम्मी भीती पुष्कळदा स्वतःसाठी नसते, 'माझ्यामुळे लेकीला' अशी असते. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. आईला तरुण वयात झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा घराण्यात बीजांडकोशाचा कर्करोग असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. तपासणी आधी आईच्या रक्ताची होते, तिच्यात दोष सापडला तरच मुलांची. दोष सापडला तर तो मुलांकडेही जाऊ शकतो, मुलग्यांनी स्वतःला वगळू नये.

संपादक महाशय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. येत्या ऑक्टोबरमध्ये गाठ ओळखण्याच्या चित्राशेजारी 'उपचार संपल्यानंतर' असा एक चौकोन द्यावा, त्यात वरचा दोन आठवड्यांचा नियम आणि त्याच रात्री न्यायच्या तक्रारी मोठ्या अक्षरांत छापाव्यात, म्हणजे तो कापून कपाटाला लावता येईल. आणि शेवटच्या शेकाच्या दिवशी प्रत्येक रुग्णालयाने मराठीत एका पानाचे वेळापत्रक हातात द्यावे, ज्यावर आजाराचा प्रकार, गोळीचे नाव आणि किती वर्षे, पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि माणूस फोन उचलेल असा एक क्रमांक असेल, याचा पाठपुरावा आपल्या आरोग्य वार्ताहरांनी करावा. आज बहुतेकींना त्या दिवशी 'तीन महिन्यांनी या' एवढेच सांगितले जाते.

कळावे,
आपल्या विश्वासू,
स्तनकर्करोग पाठपुरावा विभागात काम करणाऱ्या परिचारिका व समुपदेशक, कोल्हापूर